लग्नखांबाजवळचे बुडबुडे

होमेश सासुरवाडीला आला तेव्हा त्याच्या बॅगेत तळं बंद करण्याचा हुकूम होता. जेवण होईपर्यंत त्याने तो बाहेर काढला नाही.

पौष महिना होता. फुलवंताने जावयासाठी मरळ मासा रांधला होता. तीन वर्षांत दिवाळी किंवा तळ्यावरचं काम सोडून तो कधी आला नव्हता. मधल्याच एका मंगळवारी तो दारात दिसला, तोही तिच्या लेकीला, आचलला, न घेता, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे तिने ओळखलं होतं. हात धुऊन झाल्यावर होमेशने कागद तिच्यासमोर ठेवला आणि तो भिंतीला टेकून उभा राहिला. कागदात लिहिलं होतं की, जांभूरटोल्याचं तळं सलग दोन वर्षं 'उत्सर्जक' ठरलं आहे. ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त वायू ते हवेत सोडतं. सबब चैत्रात त्याच्या तळावर लेप टाकण्यात येईल आणि पुढची तीस वर्षं त्यात कोणालाही उतरता येणार नाही.

फुलवंता मारबते ही गावातल्या सव्वीस धिवर बायकांच्या मासेमार गटाची प्रमुख. गाळात पाय रोवून जाळं ओढणं, कमळकंद काढणं, माजलेलं बेशरमाचं तण उपटणं, यातच तिची बावन्न वर्षं गेली होती. तिने कागद दोनदा वाचला.

"जावईबापू, मासा कसा लागला?"

"चांगला होता, आई."

"शेवटचा होता का?"

होमेश तलाव कार्बन प्राधिकरणात तंत्रज्ञ होता. आकडे त्यानेच तळ्यावर बसवलेल्या मोजणीच्या डबीने पाठवलेले होते. 

तळ्यांच्या मागे प्राधिकरण का लागलं होतं, ते आधी समजून घेऊ. तळं ही एका अर्थी कोठी आहे. पाण्यातलं शेवाळ आणि पाणवनस्पती कार्बन डायऑक्साइड घेऊन आपलं अंग वाढवतात. पावसाचं पाणी रानातला पालापाचोळा आणतं. हे सगळं मेलं की तळाशी बसतं. गाळात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून तिथे कुजण्याचं काम फार सावकाश चालतं, आणि दरवर्षी वर नवा थर बसत जातो. दोनशे वर्षांपूर्वी गळून पडलेल्या पानातला कार्बन आजही तळ्याच्या पोटात सापडतो तो यामुळे.

पण या कोठीला भोकंही असतात. प्राणवायूवाचून जगणारे काही सूक्ष्मजीव त्याच गाळापासून मिथेन वायू बनवतात. तो पाण्यात विरघळून हळूहळू वर निघाला, तर वाटेत त्याला खाणारे जिवाणू भेटतात आणि बराचसा फस्त करतात. बुडबुडा होऊन निघाला तर मात्र तो कुणाच्या हाती लागत नाही, सरळ हवेत जातो. आणि पहिल्या वीस वर्षांचा हिशेब धरला, तर मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट उष्णता अडवतो. हे घरीही बघता येतं. काचेच्या बरणीत तळ्याचा गाळ आणि चार पानं घालायची, वर पाणी भरायचं, झाकण सैल ठेवायचं आणि बरणी उन्हात ठेवायची. थोड्याच दिवसांत गाळातून बुडबुडे सुटू लागतात.

२०४३ सालापर्यंत राज्यातल्या साडेसहा हजार तळ्यांवर श्वासडब्या तरंगू लागल्या होत्या. पाण्यावर पालथी ठेवलेली पारदर्शक डबी. खालून निघालेला वायू तिच्यात अडकतो आणि आतला सेन्सर दर वीस मिनिटांनी तो मोजून कळवतो. शंभर अंकांच्या वर गेलेल्या तळ्याला लेप द्यायचा, असा नियम झाला. लेप म्हणजे लोह मिसळलेल्या चिकणमातीची भुकटी. ती पाण्यावरून फवारली की तळाशी बसून बोटभर जाडीचा घट्ट थर होतो आणि गाळातला कार्बन गाळातच कोंडला जातो. शोध खरा होता. शहरांजवळच्या सांडपाण्याच्या तळ्यांवर त्याचा फायदाही झाला होता. मात्र त्या थराखाली शिंपले, किडे, कमळाचे कंद, सगळंच कोंडलं जातं आणि त्यांच्यावर जगणारे मासेही मग राहत नाहीत. थर फाटू नये म्हणून माणसानेही पाण्यात पाय ठेवायचा नसतो.

जांभूरटोल्याचा आकडा होता तीनशे चाळीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुलवंता एकटीच डोंगा घेऊन पाण्यात गेली. बुडबुड्यांची भाषा तिला लहानपणापासून येत होती, कारण मासा शोधायचा तो त्यावरूनच. मरळीचे बुडबुडे दोन-दोन येतात आणि जागा बदलतात. कासवाचा एकच मोठा येतो. गाळातला वायू एकाच जागेवरून, माळेतून मणी सुटावेत तसा येतो. तिने सबंध तळं पालथं घातलं. गाळाच्या माळा कुठे कुठे होत्या, पण विरळ. मग ती तळ्याच्या मध्यावर आली आणि वल्हं मारायचं थांबली. तिथे पाणी नुसतं खदखदत होतं.

मध्यावर लग्नखांब होता. जांभूरटोल्यात अशी समजूत होती की तळं म्हणजे गावाची लेक. पूर्वजांनी ते बांधलं तेव्हा तिचं लग्न लावलं आणि कोरीव सागवानी खांब नवरदेव म्हणून पाण्यात उभा केला. तेव्हापासून या जावयाला गाव जेवू घालत आलं होतं. दर सोमवारी एका घराची पाळी. पानाच्या द्रोणात भात आणि उकडलेली मोहफुलं घ्यायची आणि खांबाच्या पायाशी सोडायची. होमेशची श्वासडबी त्याच खांबाला बांधलेली होती.

डोंग्यात बसल्या बसल्या फुलवंताला सगळं दिसलं. दोन वर्षांपूर्वी डबी आली तेव्हा पहिल्याच तिमाहीत होमेश म्हणाला होता की आकडा थोडा जास्त आहे, तळ्याची तब्येत बरी नाही. ते ऐकून गावाने काय करावं? जावयाचा मान कमी पडला असेल म्हणून जेवण दुप्पट केलं. आकडा आणखी वाढला, तसं जेवणही आणखी वाढवलं. आता प्रत्येक सोमवारी टोपलीभर भात आणि मोहफुलं खांबाखाली जाऊन कुजत होती आणि वर डबी इमानाने मोजत होती. मागच्या महिन्यात तिची स्वतःची पाळी होती. तिने मुद्दाम जास्त रांधलं होतं.

घरी येऊन तिने होमेशला विचारलं की डबी खांबालाच काहून बांधली. तो म्हणाला, नियमाप्रमाणे नांगर टाकून सहा महिन्यांनी जागा बदलायची होती. पण नांगर गाळात रुतून बसला, साखळी तुटली, आणि खांब आयता होता. एवढं बोलल्यावर त्यालाही कळलं आणि तो खाटेवर बसला.

"डबीत असं काय आहे जी, जे आमाले करता येत नाही?" फुलवंताने विचारलं.

 मग होमेशने त्याच हुकुमाचा कागद पालथा केला आणि पेनाने चित्र काढून दाखवलं. पाच लिटरच्या कॅनचा वरचा भाग कापायचा. त्याचं नाळकं, म्हणजे नरसाळं, झालं. ते पाण्यात पालथं बुडवायचं आणि त्याच्या तोंडावर पाण्याने भरलेली बाटली उलटी बसवायची. खालून बुडबुडे आले की नाळक्यातून बाटलीत चढतात आणि तेवढं पाणी खाली ढकलतात. बाटलीवर रेघा मारल्या की किती वायू जमला ते वाचता येतं. एक बाटली डबीच्या शेजारीच लावायची, म्हणजे किती वायूला डबी किती अंक देते ते कळेल आणि बाकीच्या बाटल्यांचे अंक त्यावरून काढता येतील. कॉलेजात तो असंच शिकला होता. डब्या आल्यापासून कोणी करत नव्हतं.

"पण आई, मी शिकवलं असं कुठं सांगू नका," तो म्हणाला आणि दुपारच्या बसने गेला.

गावाला पटवणं सोपं नव्हतं. सोमवारच्या पाळ्या ठरवायचं काम भागरता बुढीकडे होतं. वय ऐंशीच्या पुढे, कमरेत वाकलेली, पण आवाज सबंध टोल्याला पुरेल असा. जेवण बंद करायचं ऐकून तिने सुपारी फोडायची थांबवली.

"जावयाले उपाशी ठेवतेस?"

"हो."

"आन तुह्या जावयाचं काय? ही गोष्ट बाहेर गेली तं त्याची नोकरी राहील का?"

 बुढीने सुपारी पूर्ण फोडली, तोंडात टाकली आणि बराच वेळ चघळली. शेवटी म्हणाली की, पाण्यात वाढायचं कोणी पोथीत लिहिलेलं नाही. तिच्या आजीच्या काळी जेवण तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, ठेवत, नवरदेवाच्या नावाने, आणि मग लेकरं खात. येत्या सोमवारपासून तसंच होईल. एवढा मोठा जावई, चार पावलं चालत काठावर येऊ शकतो.

माघ आणि फाल्गुन, दोन महिने गटाच्या बायकांनी चाळीस ठिकाणी चाळीस बाटल्या लावून मोजलं. सुरुवातीला बाटल्या कलंडायच्या, एकदा म्हशीने सात आडव्या केल्या. पण हळूहळू हात बसला. फाल्गुन अखेरीस बेरीज करून सरासरी काढली, तेव्हा आकडा आला एकशे चार.

मर्यादा शंभरची होती.

आकडा कुठून वाढला तेही कळलं. पाळीच्या दक्षिण कोपऱ्यात बेशरमाचं रान माजलेलं होतं. त्याची पानं आणि काड्या तिथल्या साचल्या पाण्यात वर्षानुवर्षं कुजत होत्या. त्या कोपऱ्यातल्या तीन बाटल्या खांबापेक्षाही जास्त दाखवत होत्या. त्या तीन सोडल्या तर बाकीच्या सदतीस जागांची सरासरी एक्याऐंशी होती. गटातली जिजा शेंडे म्हणाली की मग सदतीसच दाखवू, कोपरा कोणाला माहीत आहे? दोघी-तिघींनी मान डोलावली. एकीने तर त्या तीन जागांवर म्हैसच फिरली असं लिहायचं सुचवलं आणि सगळ्या हसल्या.

फुलवंता हसली नाही. "ते एका जागी डबी ठेवून सगळ्या तळ्याचं बोलले," ती म्हणाली. "आता आपन तीन जागा झाकून सगळ्या तळ्याचं बोलायचं? मंग त्याहिले कोणत्या तोंडाने विचारायचं?"

त्याच आठवड्यात आचल एकटी आली. होमेशने तिला सगळं सांगितलं होतं. तिने आईला विनवून सांगितलं की हुकुमावर होणाऱ्या सुनावणीत बाटल्यांचे आकडे दाखव, गावाने काय केलं ते सांग, पण डबी कुणी बांधली हा विषय काढू नको. म्हणावं, आली तेव्हापासून तिथेच होती. फुलवंता म्हणाली, विचारलं नाही तर सांगणार नाही.

"आणि विचारलं तर?"

"तं सांगीन."

"तू तळ्याची आई आहेस का माझी?" आचल म्हणाली. ती जेवायला थांबली नाही.

सुनावणी ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये झाली. उपसंचालक ओगले नागपूरहून आले होते. चाळिशीचे, नीटनेटके, पायात घोट्यापर्यंतचे चकचकीत बूट. माणूस वाईट नव्हता. त्यांनी चाळीस बाटल्यांचा तक्ता मन लावून वाचला, दोन प्रश्न असे विचारले की त्यांना विषय कळतो हे फुलवंताला दिसलं. मग त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, पद्धत चांगली आहे, पण प्रमाणित नाही. आणि समजा मान्य केली तरी तुमचाच आकडा मर्यादेच्या वर आहे. राहिला प्रश्न खांबाचा. डबी तिथे कोणी बांधली?

होमेश भिंतीपाशी उभा होता. फुलवंताने त्याच्याकडे पाहिलं. 

"आमच्या जावईबापूनं बांधली," ती म्हणाली. "आन खाली भात आमी टाकला. मी पन टाकला."

"बरोबर आहे, साहेब," होमेश म्हणाला. "जागा बदलायची होती, मी बदलली नाही."

ओगल्यांनी ते लिहून घेतलं. फेरविचारासाठी प्रकरण वर पाठवतो, म्हणाले, पण उत्तर यायला आठ महिने लागतील आणि लेपाचा हुकूम तोवर कायम राहील. होमेशला त्याच संध्याकाळी निलंबनाचं पत्र मिळालं.

फुलवंता उठली. तिने तक्त्याची घडी घातली नाही, टेबलावर तसाच राहू दिला. "एकशे चार खरा आहे, साहेब. तळं श्वास सोडते, आमी नाई कुठं म्हणतो? आमीही सोडतो. श्वास सोडतो म्हणून कोनी कोनाचं नाक दाबत नाई. जिथं कुजलं आहे तिथं साफ करते माणूस. तो कोपरा आमी साफ करू. लेप मात्र पडू देनार नाई."

चैत्रात तराफा आला. त्यावर भुकटीच्या टाक्या आणि दोन लांब नळ्या. लेप टाकायची एक अट असते. पाणी निवांत पाहिजे, म्हणजे भुकटी सारखी बसते. म्हणून काम फक्त सकाळी, वारा सुटायच्या आत. शिवाय तराफा चालायला कमरेएवढं पाणी लागतं. वैशाख लागला की इथलं पाणी झपाट्याने आटतं. म्हणजे प्राधिकरणाच्या हातात जेमतेम वीस-बावीस सकाळी होत्या. आणि आणखी एक नियम होता: भुकटी फुफ्फुसाला वाईट, म्हणून पाण्यात माणूस असताना नळी उघडायची नाही.

पहिल्या सकाळी तराफा पाण्यात ढकलला, तेव्हा पंधरा बायका आपापल्या बाटलीपाशी छातीभर पाण्यात उभ्या होत्या आणि अकरा जणी बेशरमाच्या कोपऱ्यात विळे घेऊन. कुणी घोषणा दिली नाही. त्या वाचन घेत होत्या. पोलीस पाटील काठावर येऊन बाहेर या म्हणाला, तर जिजाने त्याला सांगितलं की या बाटलीचं वाचन अकरा वाजेपर्यंत चालतं, मधे सोडता येत नाही. अकराला वारा सुटला. तराफा परत गेला.

दुसऱ्या सकाळी तेच. पाचव्या सकाळी दोघींना ताप आला, त्यांच्या जागी त्यांच्या सासवा उतरल्या. आठव्या दिवशी पोलिसांची गाडी आली. सहा जणींना काठावर काढून बसवलं, तोवर दुसऱ्या बाजूने गावातल्या नऊ जणी उतरल्या, ज्या धिवर नव्हत्या आणि ज्यांनी आयुष्यात कधी जाळं धरलं नव्हतं. भागरता बुढीला पाण्यात उतरू दिलं नाही, म्हणून ती पाळीवर बसून चुकणाऱ्यांना नावं ठेवत राहिली.

फुलवंताचे पाय पांढरे पडून सोलले होते. तिला त्याचं काही वाटत नव्हतं. घरी गेल्यावर फोन उचलून आचलचं नाव बघायची आणि परत ठेवायची, ते मात्र जड जात होतं.

बाराव्या सकाळी अकराव्या बाटलीपाशी ती नाळकं सरळ करत असताना मागून आवाज आला.

"ते तिरपं होतंय, आई. खालून दगड बांधावा लागेल. तिन्ही बाजूंनी."

होमेश गुडघ्यापर्यंत पँट दुमडून पाण्यात आला होता. पँट कमरेपर्यंत भिजलेली होती. हातात दोरी होती.  जावयाला गाळात उभं केलेलं फुलवंताच्या सात पिढ्यांत कुणी पाहिलं नव्हतं.

"तुमी काहून आले जी?"

"घरी बसून काय करू? पगार अर्धा, काम शून्य." त्याने दगड बांधला, गाठ आवळली. मग बाटलीकडेच बघत म्हणाला, "आचल काठावर आहे. बोलणार नाही म्हणते. पण डबा घेऊन आली आहे, तुमच्यासाठी."

फुलवंताने पाळीकडे पाहिलं. लेक पाठमोरी बसली होती आणि भागरता बुढी तिला काहीतरी ऐकवत होती.

विसाव्या सकाळी तराफ्याचं पोट गाळाला टेकलं. चालकाने दोनदा ढकलून पाहिलं आणि इंजिन बंद केलं.

ओगले स्वतः आले होते. काठावर उभे राहून ते पाण्याकडे बघत राहिले. दक्षिण कोपऱ्यातलं बेशरम निघून गेलं होतं. उपटलेल्या काड्यांचे ढीग पाळीपलीकडे वाळत होते. फुलवंता पाण्यातून बाहेर आली आणि तिने न विचारताच नवा तक्ता त्यांच्या हातात दिला. खांबाखालचा आकडा नव्वदवर उतरला होता. सगळ्या तळ्याची सरासरी मात्र एकशे अकरा होती, आधीपेक्षा जास्त.

"हे तुम्ही मला का दाखवताय?" ओगल्यांनी विचारलं.

होमेश उत्तर देणार होता, पण फुलवंताने हाताने थांबवलं. ती म्हणाली की उन्हाळ्यात गाळ तापतो, सूक्ष्मजीवांचं काम वाढतं, आकडा चढणारच. कोपरा आता साफ झाला, पण तळाशी कुजलेलं आहे ते संपायला दोन पावसाळे जातील. आकडा खाली येईल की नाही, हे आज तिला सांगता येत नाही. मोजत राहिल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही.

ओगल्यांनी तक्ता खिशात ठेवला. "हुकूम रद्द झालेला नाही, बाई. पुढच्या चैत्रात पाणी असेल, तेव्हा आम्ही परत येऊ."

"या ना जी," फुलवंता म्हणाली. तिने त्यांच्या पायांकडे पाहिलं. "येताना ते बूट तेवढे घालू नका. आमाले आता ऐंशी ठिकानी मोजायचं आहे. माणसं कमी पडतील."